हळदी-कुंकू बदकाची चोच

नमस्कार श्रोतेहो.

निफाडची थंडी पडू लागली की नाशिककरांच्या गाड्या चापडगावच्या वाटेला लागतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात, पाहुणे उतरलेले असतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब हंस. 1986 पासून हे अभयारण्य आहे. 2020 च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. पण हल्ली डिकीतून दुर्बिणीच्या आधी ब्रेडचा पुडा निघताना दिसतो, आणि पोटात गोळा येतो.

मुक्या जिवाला घास घालणं आपल्या घराघरात आहे. गायीला नैवेद्य, पितृपक्षात कावळ्याला घास. त्यामुळे पाव टाकणाऱ्यावर मला रागावता येत नाही. त्याला फक्त एक चित्र दाखवावंसं वाटतं.

एका बागेतल्या तळ्यावर मी एक पांढरा हंस पाहिला होता. दोन्ही पंखांची टोकं अंगालगत मिटण्याऐवजी बाहेर वळलेली, मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी. लोक भोवती उभे राहून त्याला पाव आणि फरसाण टाकत होते. तो जवळ येऊन खात होता, पंख हलवून पाहत होता, पण उडणं त्याच्या नशिबी नव्हतं. या विकाराला ‘एंजल विंग’ म्हणतात, आणि त्याचं मोठं कारण चुकीचं खाणं मानलं जातं. वाढत्या पिल्लाला असं पिठूळ खाणं पोटभर मिळालं की पिसं झपाट्यानं वाढतात, पण पंखाच्या मनगटाला ते ओझं पेलत नाही. सांधा पिळवटतो. पक्षी मोठा झाला की तो सरळ करता येत नाही. बदकाचं खरं खाणं पाण्यातच असतं: पाणवनस्पतींची मुळं, बिया, गोगलगायी, किडे.

उरलेला पाव तळाशी कुजतो, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. अशा सडक्या गाळात बोटुलिझमचे जंतू विष तयार करतात. 2019 च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर सरोवरावर याच विषानं हजारो पक्षी मेले. तिथं निमित्त पावाचं नव्हतं. पण त्या जंतूंना पोसेल असा गाळ आपण आपल्या हातानं कशाला तयार करायचा?

अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी शहरांनी सार्वजनिक जागेत बदकं-हंसांना खाऊ घालायला बंदी केली आहे, दंडही ठेवला आहे. मुंबईत 2025 साली कबुतरांना दाणे टाकण्यावरून केवढं रान उठलं, ते आपण पाहिलंच. नाशिकमध्ये तशी वेळ येण्याआधीच महापालिकेनं बागांतल्या तळ्यांसाठी आणि ग्रामपंचायतींनी आपापल्या बंधाऱ्यांसाठी साधा नियम करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाटीवर ‘मनाई’ एवढंच नको. का, तेही मराठीत दोन ओळींत लिहा. कारण कळलं की आपली माणसं ऐकतात.

मागच्या हिवाळ्यात चापडगावला एक लहान मुलगा पावाचा तुकडा घेऊन कडेला उभा होता. मी त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि हळदी-कुंकू बदक दाखवलं. काळी चोच, टोकाला पिवळा ठिपका. ‘हळद दिसली,’ तो म्हणाला, ‘कुंकू कुठाय?’ चोचीच्या मुळाशी बघ, म्हटलं. बराच वेळ तो हललाच नाही. पावाचा तुकडा त्याच्या आईनं केव्हाच पिशवीत परत ठेवला होता.