आधी जाळी, मग पंप

(दृश्य : कळंबोली, पहाटे. स्टील मार्केटबाहेर रांगेत उभे असलेले ट्रक.)

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून कॉइल आणि सळया भरून ट्रक पुण्याकडे निघतात. त्यांत दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे आलेल्या गाड्याही असतात. खोपोली मागे पडते, बोरघाटाचा चढ लागतो, तेल तापतं आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. गॅरेजमध्ये पहिलं निदान ठरलेलं असतं : ऑइल पंप गेला.

कधी तो खरंच गेलेला असतो. पण पंपाचं काम तेल ढकलण्याचं. दाब उभा राहतो तो पुढे, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यातल्या केसभर फटीत तेल अडतं म्हणून. ती फट झिजून वाढली असेल, तर कोरा पंप बसवूनही काटा हलत नाही, आणि पंपाचे पैसे मात्र गेलेले असतात.

लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या ढाब्यापर्यंत' म्हणत चालवू नका. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की टर्बो आणि बेअरिंग दोन्ही जातात.

(दृश्य : बॉनेटखाली, सेन्सरच्या जागी लावलेलं हाताचं मीटर.)

समोर आहे कमिन्सचं ६बीटी इंजिन : सहा सिलिंडर, ५.९ लिटर, टाटांच्या अनेक ट्रकमध्ये आलेलं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. सेन्सर काढा, त्या जागी यांत्रिक प्रेशर मीटर लावा. गरम इंजिनाला स्लोवर, म्हणजे रेस न देता, किमान १० पाउंड (चौरस इंचाला) आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान ३० पाउंड दाब हवा.

आता काटा कसा वागतो ते बघा. थंड असताना दाब चांगला आणि गरम झाल्यावर कोसळतो, तर संशय बेअरिंगवर किंवा डिझेल मिसळून पातळ झालेल्या तेलावर. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेल लपत नाही. थंड इंजिनालाही दाब नाही, तर संशय इंजिनाखालच्या चेंबरमधल्या, तेल गाळणाऱ्या जाळीवर, पंपाकडे तेल नेणाऱ्या सक्शन पाइपवर, जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवर किंवा पंपावर. आणि लिटरभर तेल वाढवल्यावर काटा वर आला, तर सक्शनचा पाइप किंवा त्याचं पॅकिंग हवा ओढत असण्याची शक्यता मोठी.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगायला हवी. सौद्याआधी जाड तेल भरून काटा वर दाखवता येतो. म्हणून गाडी किमान अर्धा तास फिरवून, इंजिन पूर्ण तापल्यावर, स्लोवर दाब बघा. शंका आली तर १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या जाडीचं तेल भरून पुन्हा बघा.

रिलीफ व्हॉल्व्ह या इंजिनात फिल्टर हेडमध्येच, म्हणजे ऑइल फिल्टर जिथे बसतो त्या भागात, आहे, पुढचं कव्हर न उघडता हाताशी येतो. बूच काढा, स्प्रिंग आणि प्लंजर बाहेर घ्या. प्लंजर आपल्या भोकात बोटानं सहज सरकला पाहिजे. धातूचा एखादा कण अडकून तो उघडा राहिला, तर तेल दाब धरण्याआधीच परत फिरतं. त्या कणासाठी अख्खा पंप बदलला जातो.

मग जुना फिल्टर कापा. कागदाच्या घड्या पसरून उन्हात धरा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर झिजून खाली तांबं उघडं पडलंय. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. यातलं काही भरपूर दिसलं, तर चेंबर खाली घ्या, जाळी धुवा, एक बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं) आणि एक मेन (क्रँकचं) बेअरिंग उघडून बघा. क्रँकवर नखाला लागेल अशी चरी असेल, तर काम पंपाच्या पलीकडे गेलं.

(दृश्य : पुढचं गिअर कव्हर निघतंय.)

पंप बदलायचाच ठरला, तर तो पुढे, गिअर कव्हरच्या आत बसतो. फॅन, बेल्ट, क्रँकची पुली आणि मग कव्हर. पंप धरणारे बोल्ट चारच. पंप काढल्यावर मागची प्लेट उघडून आतल्या दोन रोटरना (एकात एक फिरणारी चाकं) फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या, लावा. रोटरच्या टोकांमधली फट ०.१८ मिलिमीटरच्या वर, रोटर आणि प्लेट यांच्यामधली ०.१३ च्या वर, किंवा बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यातली ०.३८ च्या वर गेली असेल, तर पंप बाद. बॉडीत खोल ओरखडे असतील तरी बाद. जुन्या गिअर पंपांची कव्हर घासून फट कमी करण्याची पद्धत आहे. हा पंप मात्र पूर्ण नवाच लावावा.

कव्हर उघडलंच आहे, तर गिअर हाउसिंग जागेवर धरणारी डॉवेल पिन (छोटी खुंटी) बघून घ्या. जुन्या बी-सीरिज इंजिनांत ती हळूहळू बाहेर सरकून गिअरमध्ये पडते आणि हाउसिंग फोडते. शेजारच्या बोल्टखाली छोटी पत्ती देऊन ती अडवता येते. हे काम मिनिटांचं आहे, टाळू नका.

नवा पंप बसवण्याआधी त्यात स्वच्छ तेल ओतून गिअर हातानं फिरवा. बसल्यावर पंपाची मागची प्लेट ब्लॉकमधल्या खाचेच्या तळाला टेकते, पण बाहेरची कड ब्लॉकला टेकत नाही. ती फट बघून पुष्कळ जण बोल्ट आवळत सुटतात आणि कड तडकते. चारही बोल्ट आधी हलके, समोरासमोरचे, मग २४ न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्यानं.

क्रँकचं पुढचं ऑइल सील नवं घ्या आणि कोरडं बसवा. क्रँकचं टोकही पुसून कोरडं करा. सवयीनं तेलाचं बोट फिरवलं तर हे सील गळतं.

फिल्टर तेलानं भरून लावा. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं थांबा. मीटरवर दाब दिसला की मगच इंजिन चालू करा. चालू झाल्यावर १५ सेकंदांत काटा उठला नाही, तर बंद करा आणि कारण शोधा. रेस देऊन बघू नका.

गरम इंजिनाचं रीडिंग लिहून ठेवा. मग भरलेल्या गाडीनं घाट चढून एक फेरी होऊ द्या, आणि परत आल्यावर हा फिल्टरही कापून बघा.