पाठीला आलेला बाक

[सांगली, विश्रामबाग. घरातली काचेची टाकी. संध्याकाळ.]

या टाकीत बावीस गप्पी आहेत. आता या एका मादीकडं वरून बघा. डोक्यापासून पाठीवरच्या परापर्यंत अंग सरळ, आणि तिथून पुढं नागमोडी. शेपटीच्या एका फटकाऱ्यात बाकीचे मासे वीतभर पुढं जातात. ही जागच्या जागी वळवळते. दाणे पडले की ती पोचेपर्यंत खाद्य संपलेलं असतं.

टाकी माझ्याच घरची आहे. याच विणीतली चार पिल्लं अशी वाकली, त्यातली तीन गेली. जिथून मासे आणले तिथं विचारलं, तर म्हणाले, "पाणी बदला, थोडं खडेमीठ टाका." दोन्ही केलं. महिनाभर पाण्यातच दोष शोधत राहिलो. खिडकीतल्या पिशवीकडं लक्ष गेलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

[जवळून : खाद्याची पिशवी, तोंडाला रबर.]

ही ती पिशवी. किलोभर सुट्टं खाद्य, स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं. पाडव्याला उघडली, ती दिवाळीपर्यंत पुरली. मधे आपला उन्हाळा, पारा 40 अंशांच्या आसपास, आणि दुपारभर खिडकीत ऊन. नाकाशी धरली तर जुन्या शेंगदाण्याच्या कुटासारखा खवट वास येतो. तेल बिघडलं की वास तरी येतो. जीवनसत्त्व क गेलं, तर काहीच कळत नाही. उष्णता, उजेड, हवा आणि ओल, हे चारही त्याचे वैरी. पाकिटावरची मुदत बंद पाकिटासाठी असते, आपल्या खिडकीसाठी नाही.

[बाजार. बेंदराच्या आधीचे दिवस. कासरे टांगलेले.]

या जीवनसत्त्वाचा कण्याशी संबंध काय, ते कासऱ्याकडं बघून लगेच समजेल. दोर तीन पेडांचा असतो, आणि बळ पिळात असतं. हाडाच्या आतही असाच तीन पेडांचा धागा असतो, कोलॅजन. त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फरस बसतात, तेव्हा हाड घट्ट होतं. या पेडांचा पीळ टिकायला जीवनसत्त्व क लागतं. ते नसेल तर पीळ सैल पडतो आणि हाड कच्चं राहतं. मासा तर दिवसभर शेपूट हलवतो. प्रत्येक फटकाऱ्याला दोन्ही बाजूंचे स्नायू कण्याला ओढतात. वाढत्या पिल्लाचा कच्चा कणा त्या ओढीला किती दिवस पुरणार? तो आडवा वाकतो, नाहीतर पाठीवर पोक येतं.

महिनोन्महिने ताजं अन्न न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, तो याच जीवनसत्त्वाच्या अभावानं. माणसाला ते अंगात तयार करता येत नाही. गप्पीसारख्या बहुतेक माशांनाही येत नाही. त्यासाठी लागणारं एक विकरच (एन्झाइम) त्यांच्याकडं नसतं. अमेरिकेत पाळलेल्या कॅटफिशमध्ये हा आजार इतका ओळखीचा झाला, की त्याला मोडक्या पाठीचा रोग असंच नाव पडलं. कॅटफिश आणि ट्राउटच्या खाद्यात दर किलोमागे साधारण 25 ते 50 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असावं, अशी शिफारस आहे. चिमूटभरसुद्धा नाही, पण तेवढ्यावर कणा उभा असतो.

[बोअरचं पाणी बादलीत पडतंय.]

आपल्याकडं एक समज आहे : बोअरचं पाणी जड, म्हणजे माशांची हाडं चांगली होणार. कॅल्शियमपुरतं ते खरं आहे, मासे ते कल्ल्यांतून पाण्यातूनच घेतात. फॉस्फरस मात्र मुख्यतः पोटातूनच जावा लागतो, आणि तो कमी पडला तरी हाड मऊ होतं. ट्राउट आणि सॅमनच्या खाद्यात ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांचा घटक कमी केल्यावर कणा वाकला, आणि तो परत दिल्यावर बाक कमी झाला, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण कच्चं हाडच वाकून पक्कं झालं, की ते सरळ होत नाही.

प्रत्येक बाक खाद्यामुळंच येतो असंही नाही. एकाच घराण्यात पिढ्यानुपिढ्या वीण घेतली तरी वाकडी पिल्लं होतात. मासा रोडावत गेला, अंगावर जखमा दिसल्या, तर माशांच्या क्षयाची शंका घ्या. अशा टाकीत कापलेला हात घालू नका, तो जंतू माणसाच्या कातडीलाही लागतो.

[नवं, छोटं पाकीट. झाकण घट्ट बसणारा डबा.]

आता मी दोन महिन्यांत संपेल एवढंच खाद्य आणतो. पाकिटावर स्थिर केलेलं, म्हणजे लवकर न बिघडणारं, जीवनसत्त्व क लिहिलंय का ते वाचतो. डबा अंधाऱ्या, थंड फडताळात असतो. दाणे चिमटीनं, लगेच खाल्ले जातील एवढेच, कारण पाण्यात पडून राहिले की जीवनसत्त्व त्यातून विरघळून जातं. आठवड्यातून दोनदा डासांच्या अळ्या किंवा डाफ्निया हे पाण्यातले बारीक जीव. त्यानंतरच्या विणीतली पिल्लं आज दीड महिन्याची आहेत, आणि एकाचाही कणा वाकलेला नाही.

[पुन्हा टाकी. रात्र.]

हिचा बाक जाणार नाही. म्हणून आधी एक चिमूट उजव्या कोपऱ्यात टाकतो, बाकीचे तिकडं धावतात. मग दुसरी चिमूट इथं, डाव्या काचेलगत, तिच्या तोंडासमोर.