रोवन आणि व्हाइटबीम: आधी पान पाहा

मंडळी, आज ज्या दोन झाडांबद्दल बोलायचे आहे ती गुलाबाच्या कुळातली, सफरचंद आणि नाशपातीची जवळची नातलग. वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोवन आणि व्हाइटबीम यांना बराच काळ सॉर्बस या एकाच प्रजातीत धरले. अलीकडे अनेक अभ्यासक व्हाइटबीम वेगळी काढून तिला आरिया म्हणतात. रोपवाटिकांत मात्र अजून दोन्हींवर सॉर्बस हीच पाटी असते. थंड हवामानातल्या बागेसाठी लहान आकाराचे झाड हवे असेल, तर यांच्या तोडीची झाडे मोजकीच आहेत. पण बहुतेक लोक फळांचा फोटो पाहून निवड करतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की आधी पान पाहा. कुठली जमीन हवी ते पानच सांगते.

रोवनचे पान संयुक्त असते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने पातळ, दातेरी पर्णिका आणि टोकाला एकटी एक. हे थंड, दमट डोंगराळ हवेतले पान आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांत रोवन जवळजवळ 1000 मीटर उंचीपर्यंत चढते, आणि हिमालयात व पश्चिम चीनच्या पर्वतांत तिच्या कितीतरी जाती आहेत. कडाक्याच्या थंडीची या झाडाला फिकीर नसते. ते खचते उन्हाळ्यात तापलेल्या, सुकलेल्या जमिनीत. आम्लधर्मी, ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती त्याला मानवते. चुनखडीच्या उथळ जमिनीत सामान्य रोवन फार वर्षे टिकत नाही.

व्हाइटबीमचे पान याच्या उलट. अखंड, जाडसर, शिरा ठसठशीत आणि खालच्या बाजूला पांढरी दाट लव. या लवेमुळे पानातून पाणी कमी उडते. म्हणूनच दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या कोरड्या टेकड्यांवर ती आपसूक उगवते, आणि रोवन जिथे रडतखडत जगते तिथे ती खुशाल वाढते. ‘ल्युटेसेन्स’ या वाणाची कोवळी पाने वसंतात वरच्या बाजूनेही रुपेरी असतात. तेव्हा सगळे झाडच फुलल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्ष फुले तर अजून उमलायचीच असतात! तिची नातलग स्वीडिश व्हाइटबीम वारा आणि शहरातला धूर इतका सोसते, की उत्तर युरोपात ती रस्त्याच्या कडेला सर्रास लावतात.

या दोन पानांच्या मधले पानही निसर्गात आहे. स्कॉटलंडच्या ॲरन बेटावर रोवन आणि खडकांवरची एक व्हाइटबीम यांच्या संकरातून नव्या जाती तयार झाल्या. त्यांची पाने धड अखंड नाहीत, धड संयुक्त नाहीत. त्या जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. संकरातून आलेले झाड टिकले कसे? या गटातल्या बऱ्याच जाती नर-मादी पेशींच्या मीलनाशिवाय बी तयार करतात, त्यामुळे प्रत्येक रोप हुबेहूब आईसारखे निपजते. बागकाम करणाऱ्यासाठी ही मोलाची गोष्ट आहे. काश्मिरी रोवन किंवा विल्मोरिनी ही चिनी रोवन यांचे बी पेरले तर तेच झाड मिळते, कलम करण्याची गरज उरत नाही. बियांना रुजण्याआधी काही महिने ओलसर थंडावा मात्र लागतो. सामान्य रोवनचे बी अशा मीलनातूनच होते, म्हणून तिचे निवडक वाण कलमानेच जपावे लागतात. कलमी झाड घेतलेत तर खुंटातून येणारे फुटवे वेळीच काढा, नाहीतर खुंटच कलमावर मात करतो.

आता फळे. सामान्य रोवनची लालभडक फळे पक्षी आधी फस्त करतात. ब्लॅकबर्ड, फील्डफेअर आणि रेडविंग हे सगळे कस्तूरवर्गीय पक्षी आणि त्यांच्यासोबत वॅक्सविंग अशा थव्यांनी उतरतात, की झाड पाहता पाहता रिकामे होते. पक्ष्यांसाठीच झाड लावत असाल तर लालच घ्या. हिवाळ्यात फळे नजरेसमोर राहावीत असे वाटत असेल तर पिवळी, गुलाबी किंवा पांढरी निवडा. पक्षी सहसा त्यांच्याकडे उशिरा वळतात. ‘जोसेफ रॉक’ या रोवनची फळे पिवळीधमक आणि शरदातली पाने लालजांभळी, पण हे झाड फायरब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला लवकर बळी पडते. विल्मोरिनीची फळे गडद गुलाबी असतात आणि हळूहळू फिकट होत जवळजवळ पांढरी होतात. माझी पसंती विचाराल तर काश्मिरी रोवन. पश्चिम हिमालयातले हे ठेंगणे झाड, फुलांवर गुलाबी झाक, आणि पाने गळून गेल्यावरही उघड्या फांद्यांवर टपोऱ्या मोत्यांसारखी पांढरी फळे.

फळे कच्ची खाऊ नका. रोवनच्या कच्च्या फळांतले पॅरासॉर्बिक आम्ल पोटाला त्रास देते. शिजवल्यावर त्याचे सॉर्बिक आम्ल होते, आणि ते निरुपद्रवी आहे. 1859 मध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने ते रोवनच्याच फळांतून मिळवले, आणि आज ते खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी जगभर वापरले जाते.

लावताना खोड जितके आधी मातीत होते तितकेच ठेवा, खोल पुरू नका. बुंध्याभोवती गवत वाढू देऊ नका. आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. पहिले दोन उन्हाळे, विशेषतः रोवनला, नेमाने पाणी द्या. छाटणी जवळजवळ लागतच नाही. शेंडे अचानक जळल्यासारखे काळे पडून वाकले तर तो फायरब्लाइट समजा. रोगट भागाच्या बरेच खाली, निरोगी लाकडापर्यंत कापा आणि प्रत्येक कापानंतर हत्यार निर्जंतुक करा.

झाडापुरती जागाच नसेल त्यांच्यासाठी सॉर्बस रिडक्टा आहे. पश्चिम चीनमधली ही रोवन गुडघ्याएवढीच वाढते, जमिनीखालून फुटवे काढत पसरते आणि तरीही पाने, फुले, गुलाबी फळे सगळे मोठ्या झाडासारखेच देते. खडकबागेत तिला थोडी ओल आणि दुपारची सावली मिळाली की झाले.