दहा मैलांचा रस्ता आणि अर्धा गुण

[पडद्यावर: रिकामं कोर्ट. लाकडी जमिनीवर बुटांचा करकर आवाज.]

२० फेब्रुवारी २०१९. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं डरहॅम शहर. ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरून इनडोअर स्टेडियममध्ये ९,३१४ जागा आहेत आणि आज मुंगी शिरायलाही वाव नाही. बराक ओबामा आलेत. समोर शेजारचंच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, सगळे ज्याला यूएनसी म्हणतात. कॉलेज बास्केटबॉलमध्ये ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर, यूएनसी आठव्या. लास वेगासच्या बुकींनी ड्यूकला आठ-नऊ गुणांनी वरचढ धरलंय, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे अठरा वर्षांचा एक धिप्पाड पोरगा, झायन विल्यमसन.

सामना सुरू होऊन जेमतेम अर्धं मिनिट झालंय. झायन चेंडू घेऊन वळायला जातो, पाय घसरतो आणि डाव्या पायातला नायकीचा बूट टराटरा फाटतो. पाऊल सगळंच्या सगळं बाहेर. गुडघा धरून तो आत जातो, तो त्या रात्री परत येतच नाही. यूएनसी ८८, ड्यूक ७२.

दुसऱ्या दिवशी बातमी बुटाची झाली, नायकीच्या शेअरची झाली. आपण मात्र वेगळ्याच माणसाकडे बघणार आहोत. त्या दुपारी ज्याने ड्यूकवर पैसे लावले होते, त्याच्याकडे. बूट फाटला म्हणून त्याचे पैसे परत मिळत नाहीत. चेंडू उडाला, पैज लागली. ड्यूक नऊने जिंकेल अशा हिशेबात तो बसला होता. टीम सोळाने हरली.

[पडद्यावर: महामार्ग १५-५०१, गाडीतून.]

हा रस्ता म्हणजे टोबॅको रोड. तंबाखूचा रस्ता. ड्यूक विद्यापीठ उभं राहिलं तेच तंबाखूच्या पैशावर. १९२४ मध्ये जेम्स ड्यूक यांनी दिलेल्या देणगीतून कॉलेजचं विद्यापीठ झालं. खाजगी, महागडं, बाहेरगावच्या मुलांनी भरलेलं. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला चॅपल हिल, तिथलं यूएनसी सरकारी, अठराव्या शतकापासूनचं, राज्यातल्या माणसाला आपलं वाटणारं. मध्ये अंतर दहा मैल. रंग दोघांचाही निळा, एकाचा गडद, दुसऱ्याचा आकाशी. इथे कुणी नुसतं 'निळा' म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठला?

दोन्ही संघ १९२० पासून भिडतायत. ड्यूकची पोरं या एका सामन्याच्या तिकिटासाठी जानेवारीच्या थंडीत आठवडेच्या आठवडे स्टेडियमबाहेर तंबूत राहतात. जवळच्या केरी, मॉरिसव्हिलमध्ये आयटीतली बरीच मराठी घरं आहेत. त्यांची इथे वाढलेली पोरं या दोनपैकी कुठल्या तरी निळ्यात रंगलेली असतात, आणि आईवडिलांना क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर घरात आरडाओरडा ऐकायची सवय करून घ्यावी लागते.

आता पैजेचं गणित. ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

तगडा संघ आणि कच्चा संघ समोरासमोर असले की 'कोण जिंकणार' यावर पैज लावायला मजा नसते. सगळेच तगड्यावर लावणार. यावर उतारा म्हणजे स्प्रेड. शिकागोचे चार्ल्स मॅकनील, एके काळचे गणिताचे शिक्षक, यांना त्याचं श्रेय दिलं जातं. काळ १९४० च्या आसपासचा. समजा ड्यूकवर साडेचारचा स्प्रेड आहे. मग ड्यूकवर पैसे लावणाऱ्याला ड्यूकने नुसतं जिंकून भागत नाही, किमान पाच गुणांनी जिंकावं लागतं. यूएनसीवर लावणाऱ्याचा संघ चार गुणांनी हरला, तरी याचा खिसा गरम.

अर्धा गुण कशाला? बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण कुणालाच मिळत नाही. तो असतो बरोबरी टाळायला. स्प्रेड नुसता चार असता आणि ड्यूक नेमकी चारनेच जिंकली, तर बुकीला सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतात. बुकीला ते आवडत नाही.

त्याचं पोट भरतं ते असं. १०० डॉलर जिंकायचे तर ११० लावायचे, हा नेहमीचा दर. ड्यूकवर एकाने ११० लावले, यूएनसीवर दुसऱ्याने ११०. गल्ल्यात २२०. जिंकणाऱ्याला त्याचे ११० आणि वर १००, मिळून २१०. उरलेले दहा बुकीचे, कुणीही जिंको. लावणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर शंभरात पन्नास पैजा जिंकूनही तो तोट्यातच असतो. बरोबरीत यायलाच बावन्नच्या वर जिंकाव्या लागतात, आणि तेवढ्या वर्षानुवर्षं जिंकणारी माणसं फार थोडी.

आणि असल्या सामन्यात तर माणूस डोक्याने लावतच नाही. ड्यूकचा माजी विद्यार्थी यूएनसीवर पैसे लावेल? मेला तरी नाही. बुकीला हे पक्कं ठाऊक असतं. पैसा एकाच बाजूला वाहायला लागला की तो आकडा अर्ध्या गुणाने सरकवतो. लावणाऱ्यांच्या प्रेमाची किंमत त्या अर्ध्या गुणात वसूल होते.

आपल्याकडेही 'आकडा लावणे' हा शब्द काही गणिताच्या तासातून आलेला नाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर मुंबईत पैसे लागायचे. पण कापसाच्या भावाला घरची अडचण नसते. कोर्टवरच्या वीस वर्षांच्या पोराला असते.

[पडद्यावर: कृष्णधवल छायाचित्रं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन.]

स्प्रेडने जुगाऱ्याला एक जागा करून दिली. पूर्वी सामना विकत घ्यायचा तर खेळाडूला हरायला सांगावं लागे, आणि हरायला तयार होणारा सापडणं अवघड. आता सांगता येऊ लागलं, 'जिंका की! फक्त जरा कमी फरकाने जिंका.' खेळाडूलाही वाटतं, यात पाप कसलं? कॉलेज जिंकलं, मित्र खूश, कोच खूश, पाकीटही मिळालं. त्यातून कोर्टवर एका वेळी माणसं फक्त पाच. एकाने दोन नेम चुकवले, एकदा पास जरासा उशिरा दिला, की सहा गुण गेले. कुणाच्या लक्षातही येत नाही.

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने एकाच हंगामात एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. गरीब, स्थलांतरितांच्या मुलांचं कॉलेज. शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी त्यातल्या खेळाडूंना अटक झाली. फोडलं कुणी? मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉगने. त्या संघातला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याला हजार डॉलरचं आमिष दाखवलं गेलं आणि तो सरळ कोचकडे गेला. मग धागा उसवतच गेला: ३२ खेळाडू, ७ कॉलेजं, ८६ सामने. सिटी कॉलेजचा बास्केटबॉल त्यातून पुन्हा कधीच त्या उंचीवर गेला नाही.

न्यूयॉर्क म्हणजे बिघडलेलं शहर, आमच्याकडे असलं काही होणं शक्य नाही, अशी समजूत बाकीच्या देशाने करून घेतली. दहा वर्षांनी तीच गोष्ट टोबॅको रोडवर घडली.

नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधल्या दिवसांत रॅले शहरातल्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये डिक्सी क्लासिक नावाची स्पर्धा भरायची. १९४९ पासून. राज्यातली चार कॉलेजं, म्हणजे ड्यूक, यूएनसी, एनसी स्टेट आणि वेक फॉरेस्ट. आणि बाहेरून बोलावलेले चार पाहुणे. तीन दिवस. पाहुणे कितीही तगडे असोत, चषक दर वेळी घरच्याच कुणीतरी नेला. राज्यातल्या माणसांसाठी ती जत्राच होती. १९६१ च्या वसंतात उघड झालं की एनसी स्टेट आणि यूएनसी या दोन्हीकडच्या खेळाडूंपर्यंत सट्टेबाज पोचले होते. दोन्ही विद्यापीठांचे प्रमुख विल्यम फ्रायडे यांनी स्पर्धाच बंद करून टाकली. सामने कमी केले, बाहेरच्या राज्यांतून खेळाडू आणण्यावर मर्यादा घातली. लोक चिडले. राजकारण्यांनी जत्रा परत आणायचे प्रयत्न केले. फ्रायडे हलले नाहीत, आणि डिक्सी क्लासिक परत भरली नाही.

यूएनसीचे कोच फ्रँक मॅग्वायर तेव्हा नियमभंगाच्या प्रकरणामुळे आधीच अडचणीत होते. ते निघून गेले, फिलाडेल्फियाला, बास्केटबॉलमधला दिग्गज विल्ट चेंबरलेन याच्या व्यावसायिक संघाचे कोच झाले. मागे काय उरलं? डागाळलेलं नाव, कापलेलं वेळापत्रक. असली नोकरी कुणाला द्यायची? मदतनीस कोच होता, तिशीचा, फारसा कुणाला माहीत नसलेला. त्याला दिली. नाव डीन स्मिथ. तो पुढे ३६ वर्षं राहिला आणि ८७९ सामने जिंकून निवृत्त झाला. आज यूएनसी ज्या स्टेडियममध्ये खेळते त्याला त्याचंच नाव आहे. सट्ट्याने खेळ नासवला, हे या राज्यात कुणीही सांगेल. सट्ट्याने डीन स्मिथही दिला, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही.

[पडद्यावर: धावफलक. ड्यूक ७, यूएनसी ०.]

हा फलक चुकीचा नाही. २४ फेब्रुवारी १९७९, मध्यंतर. तेव्हा चेंडू किती सेकंद हातात ठेवायचा याला मर्यादा नव्हती. स्मिथच्या पोरांनी चेंडू घोळवत ठेवला, घोळवतच ठेवला. दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील यावरही पैज लागते. त्या दिवशी 'जास्त होतील' म्हणणाऱ्याचं मध्यंतरी काय झालं असेल, कल्पना करा. उत्तरार्ध ४०-४० सुटला. ड्यूक ४७-४० ने जिंकली, म्हणजे अख्ख्या सामन्याचा फरक त्या पहिल्या सातचाच.

त्याच्या पाच वर्षं आधी, २ मार्च १९७४, चॅपल हिल. सतरा सेकंद उरलेत, ड्यूक आठ गुणांनी पुढे. तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हतीच. प्रत्येक बास्केट दोनची. लोक कोट चढवून दाराकडे निघालेले. यूएनसीने चेंडू हिसकावला, परत हिसकावला, आणि शेवटच्या क्षणी वॉल्टर डेव्हिसने जवळजवळ तीस फुटांवरून मारलेला चेंडू पाटीवर आपटून आत गेला. जादा वेळेत यूएनसी ९६-९२.

[पडद्यावर: हातातला फोन.]

१९९२ मध्ये अमेरिकी संसदेने राज्यांना खेळांवरच्या पैजा कायदेशीर करायला मनाई केली. नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून. त्या कायद्यामागे होते न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली, जे स्वतः कॉलेज बास्केटबॉलचे एके काळचे मोठे खेळाडू. पुढे त्यांच्याच न्यू जर्सी राज्याने तो कायदा कोर्टात नेला आणि १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मग एकेक राज्य दार उघडत गेलं. कर मिळतो ना! नॉर्थ कॅरोलिनाने कंपन्यांच्या मिळकतीवर १८ टक्के कर लावला.

तारखा बघा. ९ मार्च २०२४, शनिवार: यूएनसी कॅमेरूनमध्ये ड्यूकला ८४-७९ हरवते. ११ मार्च, सोमवार, दुपारचे बारा: नॉर्थ कॅरोलिनात फोनवरून पैजा कायदेशीर. दोन दिवसांनी हुकलं. ज्या राज्याने सट्ट्यापायी आपली लाडकी जत्रा मोडली, त्या राज्यात आता जत्रा खिशात आली. आणि फोनवर नुसता निकाल नाही, अमुक खेळाडू किती रिबाउंड घेईल, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू किती वेळा पकडेल, यावरही पैसे लागतात.

त्याच महिन्यात यूएनसीचा उंचापुरा अरमांडो बेकॉट पत्रकारांना सांगत होता: आदल्या सामन्यानंतर फोन उघडला तर शंभराहून जास्त निरोप, सगळे शिव्या घालणारे. तो सामना त्याचा संघ जिंकला होता. त्याचा स्वतःचा खेळही चांगलाच झाला, असं त्याला वाटत होतं. चूक एवढीच की रिबाउंड कमी पडले. त्याच सुमारास एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेचे, अध्यक्ष चार्ली बेकर यांनी कॉलेजच्या एकेका खेळाडूवरच्या पैजा बंद करा, असं आवाहन सगळ्या राज्यांना केलं.

[पडद्यावर: कॅमेरून, संध्याकाळ. तंबू.]

तंबूतल्या बऱ्याच पोरांना कायद्याने पैज लावता येत नाही. वय एकवीस लागतं. आत खेळणाऱ्यांना तर नियमाने मनाईच. बाहेरच्यांना मोकळीक.

कधी कधी सामन्याचे शेवटचे वीस सेकंद असे येतात. निकाल लागलेला आहे. घरचा संघ चारने पुढे. चेंडू हातात असलेला पोरगा जागच्या जागी त्याला टप्पे देत उभा आहे, वेळ काढतोय, शहाणपणाने. कोच हात खाली करून सांगतोय, राहू दे. प्रेक्षक टाळ्या वाजवायला उठलेत. आणि वरच्या रांगेत एकटाच माणूस, अंगात घरच्या संघाचाच निळा शर्ट, हातात फोन, घसा फुटेस्तोवर ओरडतोय: मार! अरे मार ना!