निविदा न भरलेल्या माणसाचा हक्क

(कनिष्ठ अभियंते, लेखा कर्मचारी आणि नव्याने नोंदणी केलेले कंत्राटदार यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नियमपुस्तिका तुमच्या हातात आहेच, त्यामुळे ती मी वाचून दाखवणार नाही. सुरुवात एका उपाहारगृहापासून करतो.

जानेवारी 1977. मुंबई विमानतळावर दुसऱ्या वर्गाचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी चालवायला द्यायचे होते. विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागवल्या. अट अशी, की निविदाकार नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सगळ्यात जास्त बोली आली महिना 6,666 रुपये 66 पैशांची. बोली लावणाऱ्याने दहा वर्षं कॅन्टीन चालवली होती, पण तो त्या श्रेणीचा हॉटेलचालक नव्हता. तरी काम त्यालाच मिळालं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण, निकाल 4 मे 1979, न्यायमूर्ती भगवती. न्यायालयाने सांगितलं, की शासकीय संस्थेने पात्रतेचा निकष एकदा जाहीर केला की ती स्वतःही त्याने बांधली जाते. कारण नीट ऐका. ती जाहिरात वाचून कितीतरी जणांनी "आपण हॉटेलवाले नाही" म्हणून कागद बाजूला ठेवला असेल. अट ढिली आहे हे त्यांना कळतं, तर त्यांनीही निविदा भरली असती. म्हणजे अन्याय झाला तो निविदा न भरलेल्या माणसांवर.

गंमत बघा, दाद मागणारा हरला. त्याला स्वतःला त्या कामात रस नव्हता, दुसऱ्याच्या वतीने तो उभा होता, आणि याचिकाही पाच महिन्यांहून उशिरा आली. तोवर उपाहारगृहावर खर्च होऊन गेला होता. कंत्राट कायम राहिलं. कंत्राटदार मंडळींनो, हे लक्षात ठेवा. तक्रार असेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी द्या, अपात्र ठरलात तर लगेच अर्ज करा. कार्यादेश निघून रस्त्यावर खडी पडल्यावर केलेल्या तक्रारीचं वजन फार कमी असतं.

न भरणारा माणूस मी स्वतः पाहिलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात डांबरीकरणाच्या निविदेचा मसुदा माझ्या हातून गेला. वरून अट आली, की कामापासून अमुक किलोमीटरच्या आत निविदाकाराचा स्वतःचा हॉटमिक्स प्लँट, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून मिसळणारा कारखाना, हवा. तेवढ्या अंतरात प्लँट किती, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. डांबर गरम पोचायला हवं, म्हणून अंतराची मर्यादा समजू शकते. पण "स्वतःचा" कशासाठी? भाडेकरार किंवा प्लँटमालकाचं संमतिपत्र का चालू नये? हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. टिपणीत मी तो लिहिला नाही. ती माझी चूक.

जाहिरात लागल्यावर पंचविशीतला एक मुलगा आला. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी झालेला. जाहिरातीचं कात्रण चौघडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलेलं होतं. ते टेबलावर पसरून त्याने त्या अटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, भाड्याचा चालणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही." त्याने कात्रण परत घडी घालून खिशात ठेवलं आणि गेला. त्या फाइलमध्ये तीन निविदा आहेत, तुलनात्मक तक्ता आहे, सगळ्या सह्या आहेत. त्याचा उल्लेख कुठेच नाही.

मग प्रत्येक अट दगडावरची रेघ समजायची का? तसंही नाही. 1991 चं पोद्दार स्टीलचं प्रकरण बघा. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह कारखान्यातल्या भंगाराची विक्री होती. बयाणा रोख किंवा स्टेट बँकेवरच्या ड्राफ्टने भरायचा होता. सर्वाधिक बोलीवाल्याने युनियन बँकेचा धनादेश जोडला. न्यायालयाने ते चालवून घेतलं. पात्रतेच्या मूळ अटी वेगळ्या आणि त्या पुऱ्या करण्यासाठी घातलेल्या दुय्यम अटी वेगळ्या, असा फरक केला. तुमच्यापुढे शंका आली की मी एक कसोटी सांगतो: ही सवलत आधीच जाहीर असती, तर आणखी कोणी निविदा भरली असती का? बँकेचं नाव बदलल्याने नवा माणूस आला नसता. "स्वतःचा" हा शब्द काढला असता तर तो मुलगा नक्की आला असता.

म्हणूनच अट बदलायची असेल तर ती शुद्धिपत्रकाने, मुदतीच्या आत, मूळ जाहिरात जिथे दिली तिथेच. आणि बदल मोठा असेल तर मुदतवाढ देऊन. मुदत संपल्यावर समितीच्या खोलीत अट सैल करता येत नाही.

निविदा भरण्याबद्दल थोडक्यात. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, वेळ सर्व्हरची चालते, तुमच्या मनगटावरची नाही. मुदतीच्या आत भरलेली निविदा सुधारून पुन्हा भरता येते. पण एकदा मागे घेतली, की त्याच कामाला पुन्हा भरता येत नाही. दर फक्त बीओक्यूच्या, म्हणजे कामाच्या परिमाण-दरपत्रकाच्या, फाइलमध्ये. तोच आकडा चुकून लिफाफा क्रमांक एकच्या, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या लिफाफ्यातल्या, एखाद्या पत्रात गेला, की तांत्रिक छाननी होण्याआधीच दर उघड होतो.

छाननीत लिफाफा एकमधल्या कागदाबद्दल खुलासा मागता येतो. नोंदणी आहे, पण प्रमाणपत्राचं पान पुसट आलंय, विचारा. लेखी विचारा, आणि तशीच त्रुटी इतरांची असेल तर त्यांनाही विचारा. दराला मात्र हात लागत नाही. पश्चिम बंगालमधलं टोलवसुलीचं एक प्रकरण सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलं. एका निविदाकाराने 9,72,999 रुपये लिहिले. लिफाफे उघडल्यावर तो म्हणाला, हा एका दिवसाचा दर आहे, 1,095 दिवसांनी गुणा. गुणाकार होतो 106 कोटी 54 लाखांवर. सरकारला एवढा पैसा मिळतोय म्हटल्यावर कोणाचंही मन विरघळेल; उच्च न्यायालयाने दुरुस्तीला वाव दिलाही होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दुसऱ्यांचे आकडे उघड झाल्यावर आपला आकडा बदलायची मुभा दिली, तर सीलबंद लिफाफ्याला अर्थच उरत नाही. मला हा निकाल पूर्णपणे पटतो.

शेवटी शेऱ्याबद्दल. "कागदपत्रे अपूर्ण, सबब अपात्र" हा शेरा मी शेकडो फाइलींवर पाहिला. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम 173 नुसार, आपली निविदा का नाकारली हे विचारण्याची सोय निविदाकाराला असली पाहिजे. त्याला विचारता येईल असं आधी आपण लिहायला हवं. अटीचा क्रमांक लिहा, कुठल्या वर्षाचा ताळेबंद नाही ते लिहा, खुलासा मागितल्याची तारीख लिहा. दोन ओळी जास्त लागतात. ज्याच्या नावापुढे त्या ओळी लिहिल्या जातात, त्याला पुढच्या निविदेला कुठला कागद जोडायचा हे त्यातून कळतं.