आधी पाणी, मगे काटो

(दृश्य: पहाटेचा काळोख. कलमांच्या बागेत एकच बल्ब. बॉनेटची कडी सुटल्याचा आवाज.)

देवगड तालुका. एप्रिलची अखेर, पहाटेचे साडेपाच. हापूसच्या पेट्या पेंढा घालून, खिळे ठोकून तयार आहेत. त्या पिकअपच्या हौद्यात चढवायच्या आहेत, आणि ऊन वर यायच्या आत फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या वाटेला लागायचं आहे.

पण आधी बॉनेट. रेडिएटरचं झाकण फिरवायचं आणि आत बोट घालून पाणी कुठवर आहे ते बघायचं. बोटाचं पहिलं पेर भिजलं पाहिजे. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार आहे, म्हणून हे आत्ताच करायचं. एकदा गाडी तापली की या झाकणाला हात लावायची सोय नाही. आत दाबाखाली कोंडलेलं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं, आणि झाकण सैल होताच त्याची वाफ होते. ती थेट तोंडावर येते. आमच्या वाडीत अशा भाजण्याचे व्रण दोघांच्या हातांवर आहेत.

(दृश्य: उजाडतंय. पिकअप पुढून दिसते. उंच बॉनेट, गोल दिवे, रंग उडालेला.)

बाबांनी ही गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती. घराणं जीपचं. तोंड जीपचं, पाठीला हौदा. आतलं इंजिन हरिकेन नावाचं. पेट्रोलवर चालणारं, चार सिलिंडरचं, १३४ घन इंचांचं, म्हणजे २.२ लिटर. विलिस या अमेरिकी कंपनीने १९५३ साली ते आपल्या सिव्हिलियन जीपमध्ये घातलं. आधीच्या इंजिनापेक्षा ते उंच होतं, मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. हा उंच कपाळाचा चेहरा तिथून आला.

या इंजिनाची एक रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक वॉल्व वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात आहेत, जळालेला वायू सोडणारे एक्झॉस्ट वॉल्व मात्र खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मूळ लोखंडात, सिलिंडरच्या शेजारी. जळालेल्या वायूची धग बाहेर पडताना ब्लॉकच्या अंगातूनच जाते, आणि ती उचलून रेडिएटरपर्यंत नेण्याचं काम पाण्याचं. पाणी कमी पडलं की या लोखंडाला दुसरा कुणी वाली नाही.

(दृश्य: डॅशबोर्ड अगदी जवळून. धुळकट काच, त्याखाली टेंपरेचर मीटरचा काटा.)

हा तो काटा. मूळचा विजेवरचा मीटर कधीच गेला, बाबांनी त्या जागी हा बसवून घेतला. याला वायर नाही. मागून तांब्याची एक बारीक नळी निघते, सुतळीहूनही बारीक, आणि फायरवॉलमधून, म्हणजे केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्यातून, पलीकडे जाऊन इंजिनाच्या हेडमध्ये शिरते. नळीच्या टोकाला पितळी फुगा आहे, करंगळीएवढा. तो पाण्यात बुडालेला असतो. फुग्यात ईथर भरलेलं. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाणी तापेल तशी आत वाफ कोंडत जाते आणि नळीतून दाब वर येतो. मीटरच्या पोटात एक चपटी, वाकवलेली नळी आहे. दाब आला की ती सरळ व्हायला बघते, आणि तिच्या टोकाला बांधलेला काटा सरकतो. ही वाकड्या नळीची युक्ती युजेन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाची, १८४९ सालची. पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि देवगडच्या एका बागेत ती अजून इमानाने राबते आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

फुगा, नळी आणि मीटर हे तिन्ही मिळून एकच वस्तू आहे. नळी लांब झाली म्हणून कापता येत नाही, तुटली म्हणून जोडता येत नाही. जास्तीची नळी अशी वेटोळं करून ठेवायची, रबराच्या तुकड्यात गुंडाळून, धक्क्याने घासणार नाही अशी. एक मुरड पडली की आतलं ईथर जातं आणि काटा मरतो.

(दृश्य: फोंडा घाटाची जुनी छायाचित्रं. वळणं, कठड्याशी उभे ट्रक.)

आता तो दिवस सांगतो.

बारा-तेरा वर्षं झाली. मे महिना, दुपारचा एक. हौद्यात चाळीस पेट्या, आणि स्टिअरिंगवर मी. बाबा घरी. फोंडा घाटात पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता, त्याच्या मागे मी दुसऱ्या गिअरवर. काटा चढायला लागला. या मीटरवर आकडे फॅरनहाइटचे आहेत, २१२ म्हणजे आपले शंभर. काटा १८० वरून २०० वर आला, मग २१० वर. मी थांबायला जागा शोधत होतो. एवढ्यात काटा खाली येऊ लागला. २००, १९०, आणि मग १६०. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, वारा लागला, गाडी गार झाली. पाय दाबला.

जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असेन. आधी तापलेल्या रंगाचा वास आला, मग इंजिनातून टकटक, मग ताकदच गेली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे पाण्याची नळी, फाटलेला. जुना, तेल पिऊन फुगलेला रबरी होज, मी कधी दाबून बघितला नव्हता. रेडिएटरमध्ये थेंब नाही. हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली पातळ पट्टी, जळालं, हेड वाकलं. ते पुढे कोल्हापुरात मशीनवर घासून सपाट करून घ्यावं लागलं.

काटा खोटं बोलला नव्हता. फुगा पाण्यात असतो तेव्हा तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेल्यावर फुगा रिकाम्या जागेत लोंबकळत होता. पाणी लोखंडाची धग फुग्यापर्यंत जितक्या झपाट्याने पोचवतं, तितकी कोरडी हवा पोचवत नाही. शेजारी हेड जळत होतं, आणि काटा गार हवेचा आकडा दाखवत होता. चढता काटा ही धोक्याची खूण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. चढता चढता अचानक उतरलेला काटा त्याहून वाईट. तिथे त्याच क्षणी इंजिन बंद.

बाबा संध्याकाळच्या एसटीने घाटात आले. आंबे दुसऱ्या गाडीत भरून दिले होते, त्यातले कितीतरी उन्हाने मऊ पडले होते. बाबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "काटो खाली इलो म्हणान तू खूश झालंस?" आणि मग, "आधी पाणी बघ, मगे काटो."

(दृश्य: मागचं अंगण. स्टोव्ह, त्याच्यावर पातेलं.)

गाडी परत उभी केल्यावर मी पहिल्यांदा त्या काट्याची परीक्षा घेतली. इंजिन गार असताना थोडं पाणी काढून घेतलं, फुगा हेडमधून सोडवला आणि नळीला मुरड पडू न देता बॉनेटच्या बाजूने बाहेर घेतला. खाली स्टोव्हवर पातेलं. फुगा पाण्यात लोंबता ठेवायचा, पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी काचेचा तापमापक. या बाबतीत किनाऱ्यावरचे आपण सुदैवी. समुद्रसपाटीला पाणी खळखळ उकळलं म्हणजे शंभर अंश, त्यात शंका नाही. तेच पाणी आंबोलीला, साधारण ६९० मीटर उंचीवर, ९८ च्या आतच उकळेल.

(दृश्य: पातेल्यात बुडबुडे. कॅमेरा वर, काट्यावर.)

बघा, पाणी उकळतंय आणि काटा २०० वर थांबलाय. म्हणजे बारा फॅरनहाइट, आपल्या मापाने सहा-सात अंश, कमी दाखवतो. मीटर फेकून द्यायचं कारण नाही. उकळीला काटा जिथे थांबला तिथे मी काचेवर लाल रंगाचा ठिपका दिला. आता आकड्यांकडे कुणी बघत नाही, ठिपक्याकडे बघतो.

त्याच पातेल्यात थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व, तपासून होतो. हा बघा, आमच्या थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं आहे. गार असताना याच्या फटीत दोरा अडकवायचा आणि दोऱ्याला धरून पाण्यात सोडायचा. पाणी तापत जातं, ८० येतं, ८२, ८३... आणि वॉल्व उघडताच दोरा सुटतो, थर्मोस्टॅट टपकन बुडाशी. पडला तो आकडा तापमापकावर वाचायचा.

आमच्याकडचे बरेच मेस्त्री जुन्या गाडीतून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. म्हणे कोकणात उकाडा, हवाय कशाला. त्यांचा हात माझ्यापेक्षा जाणता आहे, तरी मला हे पटत नाही. आषाढात पाऊस कोसळत असतो तेव्हा थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन तापतच नाही. पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये शिरलेला ओलावा उडून जात नाही. ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पिवळट, लोण्यासारखा थर बसलेला दिसतो. तोच थर हेड गॅसकेट गेल्यावरही दिसतो, आणि माणूस फुकटचा घाबरतो. गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं.

(दृश्य: रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरतं. हिरवट कीट, भुगा.)

कारण बहुतेक वेळा इथे असतं. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या माळावरची, तांबडी धूळ जाळीत बसते, पावसाळ्यात तिचा गिलावा होतो. वर खारा वारा. तांब्याच्या पात्या हिरव्या पडतात, आणि बोट लावलं की अशा गळून येतात. पाण्याचा फवारा मारायचा तो इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते.

आणि आत काय ओततो तेही बघायला हवं. आमची विहीर खाडीकाठची, मार्चनंतर पाणी मचूळ होतं. मी वर्षानुवर्षं तेच भरत होतो. मीठ लोखंडही खातं आणि पितळही. आता बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि हिरवं कूलंट, निम्मं निम्मं. हे मिश्रण उघड्या भांड्यातसुद्धा १०७ अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर सात पौंडांचं, म्हणजे चौरस इंचाला सात पौंड दाब धरणारं, झाकण, ज्याच्याखाली साधं पाणीही १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सूट गेली. कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच धुऊन टाका. ते गोडसर असतं, मांजर-कुत्रं चाटतं, आणि वाचत नाही.

(दृश्य: हातात तापमापी बंदूक, करोनाच्या काळात कपाळासमोर धरत तशी. लाल ठिपका रेडिएटरवर.)

काट्याला साक्षीदार हवा म्हणून ही बंदूक घेतली. पण चकचकीत पितळावर रोखलीत तर ती फसते, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते, कारण चकाकता धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही. थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीवर मी काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावलाय. त्यावर रोखायची. वर ८४, खाली ७६. म्हणजे पाणी फिरतंय आणि रेडिएटर गार करतोय. सगळीकडे ८० च्या आसपास आणि जाळीच्या मधोमध एकच पट्टा गार लागला, तर त्या नळ्या तुंबल्या म्हणून समजायचं.

(दृश्य: पेट्या चढवून झाल्या. ताडपत्री, दोर. गाडी बागेबाहेर पडते.)

नांदगाव मागे पडलं. फोंडा गावात चहा, पण इंजिन बंद करायच्या आधी दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, पंख्याने धग उतरू द्यायची. मग घाट. दुसरा गिअर, घाई नाही, पुढचा ट्रक रांगतोय तर रांगू दे. काटा ठिपक्याच्या दोन बोटं अलीकडे. वळणावर अर्धं बोट वर जातो, सपाटी आली की परत येतो, सावकाश. सावकाश आला की मला बरं वाटतं.

दाजीपूरच्या हद्दीत झाडाखाली गाडी उभी केली. फाटला होता त्याच जागी नवा होज आहे, तो बाहेरून हाताने चाचपला, कोरडा. खाली रस्त्यावर एक ओला ठिपका नाही. बंदूक वरच्या टाकीवर धरली, ८८.

फोन वाजतोच. बाबा आता सत्तरीपलीकडचे, गाडी चालवत नाहीत, पण घाट संपायची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळते.

"काटो खंय हा?"

"थेंब नाय गळलो, बाबा. पाणी आसा. काटो ठिपक्याच्या खाली."

"बरां. जा मगे."