घुंगरं, रुमाल आणि एक जुनं भांडण

(दृश्य : खेड्यातल्या पबसमोरचं अंगण. पांढऱ्या कपड्यातले सहा नर्तक, तीन-तीनच्या दोन ओळी. पोटऱ्यांवर घुंगरांचे पट्टे.)

मॉरिस हा इंग्लंडच्या खेड्यांतला जुना लोकनाच. जानेवारी २००९. ‘मॉरिस रिंग’ या इंग्लंडमधल्या मॉरिस नर्तकांच्या संघटनेनं जाहीर इशारा दिला. तरुण मुलं येत नाहीत, आहेत ते म्हातारे होत चाललेत. असंच चाललं तर वीस वर्षांत हा नाच संपेल.

वर्तमानपत्रांना बातमी आवडली. मॉरिसची टिंगल करणं हा इंग्लंडचा तसाही जुना विरंगुळा. दाढीवाले आजोबा, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात बिअर, पायात घुंगरं. विनोदी कार्यक्रमांना आयतं गिऱ्हाईक.

इशारा खोटा नव्हता. पण तो देणारी संघटना तेव्हा फक्त पुरुषांना सदस्य करून घ्यायची. ‘नाचायला कुणी येत नाही’ म्हणताना देशातली अर्धी माणसं तिनं मोजलीच नव्हती. आणि हा नाच शंभर वर्षांपूर्वी गावाबाहेर पोचवला होता तो बायकांनीच.

(दृश्य : ऑक्सफर्डशेजारचं हेडिंग्टन क्वारी. विटांची घरं, चढउताराच्या गल्ल्या.)

ऑक्सफर्डच्या कडेला हेडिंग्टन क्वारी नावाची वस्ती आहे. दगडाच्या खाणी, वीटभट्ट्या आणि तिथं राबणारी माणसं. १८९९ च्या नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर. थंडीनं बांधकामं बंद होती, हातात पैसा नव्हता. तेव्हा तिथल्या गवंड्यांनी आणि मजुरांनी घुंगरं बांधली आणि चार पैसे मिळतील म्हणून नाचायला बाहेर पडले. मॉरिसचा खरा मोसम उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या व्हिटसनच्या सणाचा. नाताळात नाचणं म्हणजे अवेळीच, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

ते एका घरासमोर नाचले. त्या घरात सासुरवाडीला आलेला एक संगीतशिक्षक खिडकीतून बघत होता. त्याचं नाव सेसिल शार्प.

वाजवणारा होता विल्यम किंबर, वय २७, धंदा वीटबांधकाम. हातात कॉन्सर्टिना. दोन तळहातांत मावणारं षट्कोनी वाद्य, मधे आपल्या पेटीसारखा भाता, दोन्ही टोकांना बटणं. शार्पनी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि त्याच्याकडच्या चाली कागदावर उतरवून घेतल्या.

इंग्लंडच्या लोकसंगीताच्या इतिहासात हा दिवस सोन्याच्या अक्षरात लिहिला जातो. एक गोष्ट मात्र बऱ्याचदा गाळली जाते. हेडिंग्टनचा नाच आधीच बंद पडला होता. पर्सी मॅनिंग नावाच्या ऑक्सफर्डच्या एका हौशी संशोधकानं त्याच वर्षी म्हाताऱ्या नर्तकांना गाठून तो पुन्हा उभा केला होता. म्हणजे शार्पना खिडकीतून दिसली ती पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलेली परंपरा नव्हती. कुणीतरी मुद्दाम चालू केलेली होती.

(दृश्य : शिवणयंत्रांवर वाकलेल्या मुली. जुनं छायाचित्र.)

शार्पनी चाली टिपल्या खऱ्या, पण पुढं काही वर्षं त्या वहीतच पडून राहिल्या. १९०५ मध्ये त्यांच्याकडे मेरी नील आल्या. लंडनमध्ये शिवणकामावर पोट असलेल्या मुलींसाठी त्या ‘एस्पेरान्स’ नावाचा क्लब चालवायच्या. याच मंडळींनी एक शिवणघरही काढलं होतं, तिथं दिवस आठ तासांचा. त्या काळात ही चैनच म्हणायची. मुलींना गाणी हवी होती, नाच हवे होते. शार्पनी किंबरचं नाव सांगितलं. नील उठल्या, ऑक्सफर्डला गेल्या, किंबरना शोधून काढलं आणि त्यांना चुलतभावासह लंडनला बोलावून घेतलं.

गवंड्यानं शिंपिणींना शिकवलं. शिंपिणी इतक्या पटकन शिकल्या की पुढच्या काही वर्षांत त्याच गावोगाव, शाळाशाळांतून शिकवायला जाऊ लागल्या. ज्या नाचाची मिरवणूक आज ‘पुरुषी परंपरा’ म्हणून निघते, तो इंग्लंडभर पसरला तो या मुलींच्या पायांनी.

इथं भांडण पेटलं.

शार्प म्हणायचे, पाऊल अचूक हवं. गावातल्या जाणत्यानं जसं दाखवलं तसंच, आणि शिकवणारा प्रशिक्षित हवा. नील म्हणायच्या, नाच माणसाकडून माणसाकडे जातो. ज्याला आला त्यानं पुढच्याला द्यावा, त्यातला आनंद हरवला तर पाऊल अचूक असून काय उपयोग? नील बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या होत्या. या वादाला ती किनार होतीच, असं मला वाटतं. शार्पच्या बाजूला शिक्षण खात्याचा पाठिंबा होता, छापील पुस्तकं होती आणि १९११ मध्ये त्यांनी काढलेली ‘इंग्लिश फोक डान्स सोसायटी’ होती. किंबरही शार्पनाच धरून राहिले. पहिलं महायुद्ध आलं आणि एस्पेरान्स क्लब बंद पडला.

(दृश्य : १९१२ च्या सुमाराची हलती चित्रं. आवाज नाही.)

शार्पच्या संघातला एक तरुण नाचताना या चित्रफितीत दिसतो. जॉर्ज बटरवर्थ, संगीतकार. उडी हलकी, रुमालाचा झोल नेमका. जुलै आणि ऑगस्ट १९१६ या दोन महिन्यांत फ्रान्सच्या आघाडीवर या संघातले चौघे गेले : बटरवर्थ, पर्सिव्हल ल्युकस, जॉर्ज विल्किन्सन, रेजिनाल्ड टिडी. बटरवर्थचा मृतदेह मिळालाच नाही.

युद्धानंतर सोसायटीत नाचणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त होत्या. शार्प १९२४ मध्ये वारले. १९३० मध्ये लंडनला त्यांच्या नावाची वास्तू उभी राहिली, सेसिल शार्प हाउस. १९३२ मध्ये लोकगीतांची सोसायटी आणि लोकनृत्यांची सोसायटी एकत्र आल्या. आणि १९३४ मध्ये सहा संघांनी मिळून मॉरिस रिंगची स्थापना केली. फक्त पुरुषांची.

कारण दिलं गेलं परंपरेचं. खेड्यात पुरुषच नाचायचे, हे बहुतेक ठिकाणी खरंही होतं. पण किंबरनी स्वतः मुलींना शिकवल्याला तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती. ती मुलीबाळींची पिढी जिवंत असताना तिचं नाव इतक्या सहज पुसलं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं.

बायकांनी १९७५ मध्ये स्वतःचा महासंघ काढला. आज तो ‘मॉरिस फेडरेशन’ म्हणून सगळ्यांना खुला आहे. रिंगनं बायकांसाठी दार उघडलं ते २०१८ मध्ये, इशाऱ्यानंतर नऊ वर्षांनी.

(दृश्य : लँकेशरमधलं बेकप. लाकडी चकत्यांचा टकटकाट.)

परंपरेच्या नावानं दुसरा वाद झाला तो चेहऱ्याला काळं फासण्याचा. वेल्सच्या सीमेवरच्या मॉरिसमध्ये आणि इतर काही नाचांत तोंड काळं करायची रीत होती. नाचणाऱ्यांचं म्हणणं, हा वेष ओळख लपवण्यासाठी. गरीब माणूस हिवाळ्यात नाचून पैसे मागायचा, मालकानं ओळखू नये म्हणून काजळी फासायचा. अभ्यासकांनी दुसरीकडे बोट दाखवलं. एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे ‘मिन्स्ट्रेल’ तमाशे गावोगाव चालत, त्यांची छाप यावर आहेच. २०२० मध्ये रिंग, फेडरेशन आणि ओपन मॉरिस या तिन्ही मॉरिस संघटनांनी मिळून सांगितलं, पूर्ण चेहरा काळा करणं थांबवा. कितीतरी संघ निळ्या-हिरव्या रंगांकडे वळले. नाचाचं काही बिघडलं नाही. बेकपच्या ‘ब्रिटानिया कोकोनट डान्सर्स’नी मात्र ऐकलं नाही. ते संघटनेतून बाहेर पडले आणि आपली रीत चालू ठेवली. ते चुकतात असं माझं मत. पण आपल्या गावच्या नाचाचे नियम लंडनहून का यावेत, हा त्यांचा प्रश्न निव्वळ हट्टाचा नाही.

(दृश्य : पबमधलं कोपऱ्यातलं टेबल. फिडल, मेलोडियन, कुणीतरी गातंय.)

कायद्याचा किस्सा थोडक्यात. पूर्वी पबमध्ये परवान्याशिवाय दोनच कलाकारांनी गायचं-वाजवायचं, असा नियम होता. २००३ च्या कायद्यानं दोघांची सूटही काढून घेतली. फक्त मॉरिसला त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं. म्हणजे पबच्या अंगणात घुंगरं बांधून उडी मारायला मोकळीक आणि आत बसून एक जुनं गाणं म्हणायला परवाना! हा गोंधळ २०१२ च्या कायद्यानं निस्तरला. ध्वनिवर्धक नसेल तर सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत गा, वाजवा.

गाण्यांची गोष्ट नाचाइतकी भांडकुदळ नाही. शार्पनी पहिलं गाणं टिपलं ते १९०३ मध्ये सॉमरसेटमध्ये, एका पाद्र्याच्या घरच्या जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याकडून. सासेक्सच्या कॉपर घराण्यात गाणी पिढ्यांतून उतरत आली. न्यूकॅसल विद्यापीठात २००१ पासून लोकसंगीताची पदवी घेता येऊ लागली. आणि ‘इमॅजिन्ड व्हिलेज’ नावाच्या वाद्यवृंदात जुन्या इंग्रजी गीतांबरोबर शीमा मुखर्जींची सतार आणि जॉनी कल्सींचा ढोल वाजला. इंग्रजी खेडं आज कुणाचं आहे, हे ऐकवायचा तो प्रयोग होता.

(दृश्य : स्ट्राउड, ग्लॉस्टरशर. रंगवलेले चेहरे, फुलांचे, प्राण्यांचे वेष.)

ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडचा ‘बॉस मॉरिस’ हा बायकांचा संघ. पांढरा सदरा, पांढरी विजार त्यांनी केव्हाच सोडली. चमकदार कपडे, अंगावर येणारे प्राण्यांचे मुखवटे. पण पावलं बघा. ती कॉट्सवोल्ड टेकड्यांमधल्या खेड्यांचीच आहेत, घोकून पक्की केलेली. २०२३ मध्ये ब्रिट संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात ‘वेट लेग’ या बँडबरोबर त्या मंचावर नाचल्या. शार्पना हवी होती ती अचूकता आणि नीलना हवी होती ती मस्ती, दोन्ही मला त्यांच्यात दिसतात. कपडे तेवढे कुणीच सुचवले नव्हते.

२०२४ मध्ये ब्रिटननं युनेस्कोच्या अमूर्त वारसा करारावर शिक्कामोर्तब केलं. करार २००३ चा, त्यांना एकवीस वर्षं लागली. करारानुसार नाच, गाणी अशा वारशाची यादी करायची असते. यादीनं पाट्या लागतात, थोडाफार निधीही मिळतो. पण शिशिरातल्या एखाद्या ओल्या संध्याकाळी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये सरावाला सहावा माणूस यावा लागतो, तो यादीतून येत नाही.

(दृश्य : सेसिल शार्प हाउसमधलं ग्रंथालय. कपाटं, हस्तलिखितं.)

शार्पच्या वह्यांमधली कित्येक पानं आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एखाद्या गावचा विसरलेला नाच उभा करायचा असेल तर संघ आधी तिथं बघतात. मेरी नील यांची कागदपत्रंही याच वास्तूत आली आहेत, त्यांच्या घरच्यांनीच ती दिली. शार्पच्या नावाच्या घरात, शार्पच्या वह्यांशेजारी आता नीलबाईंची बाजूही वाचता येते.